उजव्या डोळ्याची सवय

आमच्या घरात नवा फोन आला तो माझ्या विरोधाला न जुमानता. धाकटा भाऊ जळगावातल्या एका मोबाईलच्या दुकानात विक्रीचे काम करतो. त्यानेच तो आणला आणि खोका आईच्या मांडीवर ठेवला. जुन्या फोनवर आईला काही महिन्यांपासून मणी दिसत नव्हते. हे वाक्य बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून आधी आईच्या कामाविषयी सांगायला हवे.

आई पोत गाठवते. सराफ बाजारातली एक पेढी सोन्याचे मणी, काळे मणी आणि वाट्या वजन करून तिच्याकडे देते; आई घरी बसून ते ओवते, गाठी मारते आणि तयार मंगळसूत्र पेढीवर पोचवते. वडील गेल्यानंतर आम्हा दोघांची शिक्षणे याच कामावर झाली. पूर्वी नमुना म्हणून पेढीवरून एखादी जुनी पोत येत असे. ती हातात धरून, बोटांनी चाचपत आई तशीच दुसरी गाठवी. आता नमुना फोनवर येतो. कुणाच्या तरी लग्नात कुणाच्या तरी गळ्यात आवडलेली पोत, तिचा घाईत काढलेला फोटो, तो पाच-सहा मोबाईलमधून फिरत चाळीसगावच्या गिऱ्हाइकाकडून पेढीवर, पेढीवरून आईकडे. तीन काळ्यांनंतर सोन्याचा एक आहे की दोन, हे काचेवर पाहून ठरवायचे.

आईला ते ठरवता येईनासे झाले होते. ती फोन जवळ नेई, लांब धरी, पदराने पुसून काढी, आणि शेवटी मांडीवर पालथा ठेवून म्हणे की याचे डोळे गेले.

भावाचे निदान सोपे होते: स्क्रीन जुनी, बिंदू कमी, म्हणून चित्र फुटते. नव्या फोनच्या स्क्रीनवर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त बिंदू होते आणि त्यात मणी न् मणी मोजता येईल, असे तो दुकानातल्याच सुरात सांगत होता. मी तेव्हा भौतिकशास्त्राची एम.एस्सी. नुकतीच संपवली होती. माझा प्रकल्प प्रकाशाचा होता, आणि फोनच्या स्क्रीन तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी अर्ज केला होता. त्यामुळे या विषयावर घरात कुणी काही ठरवणार असेल तर ते मी, अशी माझी समजूत होती.

मी त्याला वहीवर आकृती काढून समजावले. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यातही अंतर असते. दोन बिंदू इतके जवळ आणले की त्यांच्यामधली फट त्या पेशींना कळतच नाही, तर ते बिंदू डोळ्यासाठी एकच. आपण फोन ज्या अंतरावर धरतो तिथून ही मर्यादा बऱ्याच साध्या फोनांनी कधीच गाठली आहे. त्यापुढे वाढवलेले बिंदू बॅटरी खातात, फोन गरम करतात आणि जाहिरातीला एक मोठा आकडा देतात; पाहणाऱ्याला काही देत नाहीत. शिवाय फोटो पाठवता पाठवता प्रत्येक वेळी दाबला जातो, त्यातले बारकावे वाटेतच टाकून दिले जातात. जे चित्रात उरलेच नाही ते कोणती स्क्रीन दाखवणार?

भावाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक डोळ्यातल्या पेशी मोजून दुकानात येत नाही. बोर्डवरचा आकडा वाचून येतं."

"आणि आई?"

"आईला मी आणतोय ना. तिला कुठे बोर्ड वाचायचाय."

आई दोघांकडे पाहून हसली आणि फोन तिने ठेवून घेतला. पहिल्याच दिवशी तिने जाहीर केले, "आते बठ्ठं दिखस," म्हणजे आता सगळे दिसते. ती आमच्याशी अर्धी खान्देशी आणि अर्धी शहरी बोलते. शिंदखेड्याकडचे तिचे माहेर तिच्या बोलण्यातून कधी पूर्ण गेले नाही. भावाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. माझ्या युक्तिवादात मला अजूनही कुठे चूक सापडत नव्हती, पण घरात तो युक्तिवाद पुराव्याविरुद्ध उभा होता.

त्या पुराव्याचे खरे रूप महिन्याभरात पेढीवरून परत आले. आईने गाठवलेली पोत नमुन्याशी जुळत नव्हती. जिथे दोन सोन्याचे हवे होते तिथे एक होता, पुढे पुन्हा दोन, मग एक. शेठजी सज्जन माणूस. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले आणि त्यांची तिसरी पिढी आमच्याहून शुद्ध मराठी बोलते. पोत परत करताना ते माझ्यादेखत आईला म्हणाले, "ताई, एवढा भारी फोन घेतला, आता त्यातले मणी मोजायला माणूस ठेवायचा का?" आई हसली. पोत तिने उसवली, पुन्हा गाठवली, आणि ती पुन्हा चुकली. दुसऱ्या वेळी शेठजींनी विनोद केला नाही.

मला खटकले ते असे की गाठींत काहीही दोष नव्हता. दोरा कुठे सैल नव्हता, मणी कुठे उलटा नव्हता. चूक फक्त तिथे होती जिथे फोटो पाहावा लागत होता. म्हणजे हात बरोबर काम करत होते आणि नजर करत नव्हती. पण मग ओवताना ती कशी करत होती? मी दोन दिवस आईला काम करताना पाहिले, प्रयोगशाळेत एखादे उपकरण पाहावे तसे. आणि लक्षात आले की ओवताना ती पाहतच नव्हती. सुईचे टोक आणि मण्याचे भोक तिच्या बोटांना सापडत होते. ती तोंडाने माझ्याशी बोलत होती, डोळे दाराकडे होते.

फोन हातात घेतला की मात्र ती एक गोष्ट करी. डावा डोळा मिटून घेई.

ही तिची सवय मी जन्मापासून पाहत आले होते. या कामात बारीक गाठ पाहायला उजव्या डोळ्याला भिंग लावतात आणि डावा मिटतात. इतक्या वर्षांत ते तिच्या अंगात असे मुरले होते की काहीही बारीक पाहायचे म्हटले की डावा डोळा आपोआप मिटे. सुईत दोरा, औषधाच्या बाटलीवरची अक्षरे, लग्नपत्रिकेतली नावे. फोनवरचा फोटोही ती भिंगाच्या डोळ्यानेच पाहत होती.

मी तिला म्हटले, आज उजवा झाक आणि डाव्याने पाहा. तिला ते जमेना. हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर धरावा लागला. मग ती थांबली. जुना, भावाने अडगळीत टाकलेला फोन मी तिच्यापुढे धरला होता.

"दोन सोन्याचे," ती म्हणाली. "मग तीन काळे. मग दोन. हा फोन तर चांगला शे."

तिच्या आवाजात आनंद होता. तिला वाटले कोडे सुटले. आता डाव्याने पाहायचे, एवढेच. नव्या फोनवर मी चौकोनांची एक जाळी काढली, आपल्या गणिताच्या वहीत असते तशी, मध्ये एक ठिपका. डावा डोळा झाकायला लावून विचारले की काय दिसते. तिने बराच वेळ पाहिले. कडेच्या रेघा नीट आहेत, असे तिने सांगितले, मधल्या मात्र खाली वाकल्या आहेत, कापडावर दगड ठेवल्यावर वाकते तसे. ठिपका तिला दिसत नव्हता. ती जिकडे पाही तिकडचे नेमके तेवढेच जात होते.

त्या महागड्या स्क्रीनवरच्या रेघा अप्रतिम सरळ होत्या. त्यांचा आमच्या घरात झालेला पहिला खरा उपयोग हा.

आम्ही धुळ्याला गेलो. जळगावात डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत, पण आईच्या माहेरची माणसे दुखण्याखुपण्याला धुळ्यालाच जातात आणि तिचा विश्वास तिथेच बसतो. डॉक्टर बाईंनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून बसवले, यंत्रापुढे हनुवटी टेकायला लावली, आणि मग मला आत बोलावले. संगणकाच्या पडद्यावर आईच्या डोळ्याचा आडवा छेद होता. इतके स्पष्ट चित्र मी आमच्या विभागात कधी पाहिले नव्हते. एकावर एक थर, प्रत्येक थराची जाडी, आणि मधोमध, जिथे एक सुबक खळगा असायला हवा तिथे, सगळे थर विस्कटलेले आणि खाली एक जाड पांढुरका व्रण. मी शिकलेले सगळे मला त्या चित्रात ओळखू आले. आई माझ्या शेजारी बसून त्याच चित्राकडे पाहत होती आणि विचारत होती की काय निघाले.

वयाबरोबर होणारी झीज, डॉक्टर बाईंनी सांगितले. काहींना ती लवकर येते. उजव्या डोळ्यात खालून रक्तवाहिन्या फुटून व्रण पडला आहे. त्याला आता उपाय नाही. वेळेत आला असता तर डोळ्यात इंजेक्शन देऊन थांबवता आले असते. डाव्यात झिजेच्या खुणा आहेत, पण अजून पाणी झिरपलेले नाही. कधी झिरपेल सांगता येत नाही. रोज सकाळी एक डोळा झाकून ती जाळी पाहायची. रेघ वाकली तर त्याच आठवड्यात यायचे. उशीर केला तर हाही जाईल.

"एवढे दिवस लक्षात कसे आले नाही?" त्यांनी विचारले. त्यात आरोप नव्हता.

मी सांगितले की तिला काम करताना अडचण येत नव्हती, फक्त फोनवर दिसत नव्हते, म्हणून आम्ही फोन बदलला. त्यांनी मान हलवली. असे बरेच येतात, म्हणाल्या; चष्मा बदलतात, दिवा बदलतात, टीव्ही बदलतात.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. चित्राच्या वाटेत तीन जागा आहेत, असे मी मनात मांडत होते: फोटो, स्क्रीन आणि डोळा. बारकावा यांपैकी कुठेही हरवू शकतो आणि एका जागी हरवलेला दुसऱ्या जागी परत मिळत नाही. तिघांपैकी दुकानात बदलून मिळते ती फक्त मधली. म्हणून सगळे तीच बदलतात. मांडणी अचूक होती. तिने काही बदलले नाही.

थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतून होकार आला. दक्षिणेतले मोठे शहर, हवे होते नेमके तेच काम. मी जायचे नाही असे एकदा म्हणून पाहिले. आईने भाकरी थापता थापता वर न पाहता "तू जाय" एवढेच सांगितले. मला जायचे होते, हेही तितकेच खरे. महत्त्वाकांक्षेला मी दुसरे सभ्य नाव दिलेले नाही. मी भावाला जाळी दाखवली, रोज सकाळी आईच्या हाती फोन द्यायला सांगितले, आणि गेले.

तिथे मी स्क्रीन मोजू लागले. एका नमुन्यात दुसऱ्याहून बिंदू किती दाट, उजेड किती सम, रंग कडेला किती घसरतो. माणसांना दोन स्क्रीन शेजारी ठेवून विचारायचे की अधिक स्पष्ट कोणती. ठरावीक दाटपणाच्या पुढे त्यांची उत्तरे नाणे उडवल्यासारखी येत. आम्ही ती नोंदवायचो आणि पुढचा, आणखी दाट बिंदूंचा नमुना टेबलावर यायचा. या कामात एक शिस्त पहिल्याच दिवशी शिकवली गेली: मध्येच दोन्हीकडे एकच स्क्रीन ठेवून द्यायची, न सांगता. माणूस तरीही ठामपणे एकीला चांगली म्हणाला, तर त्याची आधीची उत्तरेही जपून घ्यायची.

रोज सकाळी मी कामावर निघताना आईचा फोन येई. रेघा कशा आहेत, मी विचारी. ती म्हणे, "सरळ." कधी मी विसरले तर स्वतःहून सांगे. मग भावाच्या दुकानातल्या गमती, पेढीवरचे कमी झालेले काम. ते का कमी झाले हे तिने कधी सांगितले नाही आणि मी डाव्या डोळ्याची नवी सवय तिला अजून जमत नसेल असा अर्थ लावला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरी आले. आखाजीला माहेरी यायचे ते लग्न झालेल्या मुलींनी. शेजारच्या काकूंनी ओट्यावरूनच विचारले, "लोकांच्या पोरी सासरहून येतात, तुमची नोकरीहून आली का?" आईने ते हसण्यावारी नेले. पुरणाचे मांडे भाजताना ती चुलीवरच्या खापराकडे पाहत नव्हती, पण ती पूर्वीही कुठे पाहत असे. मला खटकले ते दुसरेच. फोन वाजला तेव्हा नाव वाचायला तिने तो तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरला आणि मान कलती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी मी दाखवली. त्याआधी माझ्या लॅपटॉपवर तिचीच एक प्रत घेऊन मधली रेघ मी वाकवली होती. थोडी नाही, भावाला दाखवली तर तो दारातूनच म्हणाला की ही वाकडी आहे.

आईने उजवा डोळा तळव्याने झाकला, फोन हातात घेतला.

"सरळ."

वाकडी रेघ बिघडलेल्या डोळ्याला योगायोगाने सरळ दिसू शकते. एका उत्तरावरून निष्कर्ष काढणे बरोबर नव्हते. मी तिला दुसरी जाळी दिली. तिच्यात मधली रेघ मुळातच नव्हती. तिने तेवढाच वेळ पाहिले, तेवढ्याच शांतपणे तेच उत्तर दिले. तिसरी मी दाखवलीच नाही. इतके दिवस रोज सकाळी फोनवर ऐकलेला तो एक शब्द एकदम रिकामा झाला. त्यात काहीच माहिती नव्हती. कदाचित कधीच नव्हती.

"आई, यात मधे रेघच नाही."

तिने फोन खाली ठेवला. डोळ्यावरचा हात मात्र तसाच राहिला.

"तुनी नोकरी नवी व्हती," ती म्हणाली. "वाकडं दिखस म्हटलं असतं तर तू बठ्ठं सोडून आली असती."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

भाऊ दारात उभा होता. रोज सकाळी फोन तोच तिच्या हातात देत होता. ती सरळ म्हणे आणि तो दुकानाला निघून जाई. तो चपला घालून एसटीची वेळ पाहायला गेला.

धुळ्याचा रस्ता तोच. डॉक्टर बाईंच्या संगणकावर या वेळी डावा डोळा होता, तेवढाच स्पष्ट, आणि मधल्या थरांखाली पाण्याचा काळा फुगवटा, त्याच्या कडेला व्रणाची सुरुवात. इंजेक्शने सुरू करू, त्या म्हणाल्या; आहे ते टिकवायचा प्रयत्न होईल. गेलेले परत येणार नाही. वाचणे आता मोठ्या अक्षरांपुरते. चेहरे जवळ आल्यावर. बारीक कामाचे त्यांनी आपण होऊन काही सांगितले नाही, आईनेच विचारले. मणी किती बारीक असतात हे दाखवायला तिने गळ्यातली, वडिलांनंतर काळे मणी काढून नुसत्या सोन्याची केलेली पोत पुढे केली. डॉक्टर बाईंनी ती बोटांवर घेऊन पाहिली, कुणी गाठवली म्हणून विचारले, आणि मग नकारार्थी मान हलवली.

पहिले इंजेक्शन झाल्यावर आम्ही पेढीवर गेलो. आईने उरलेले मणी, वाट्या आणि भिंगाची डबी शेठजींच्या गादीवर ठेवली. भिंग तिचेच होते, पण तिने तेही ठेवले. जुने नमुने हातात द्या, फोटो नकोत, एवढे करता येईल का, असे मी विचारले. शेठजींनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "ताई, पोत हातात घेऊन येणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही. सगळे फोनच पुढे करतात." त्यांनी मणी तराजूत घातले. वजन बरोबर भरले, आणि ते आईला दिसेल अशा बेताने त्यांनी तराजू तिच्याकडे वळवला. आईने त्याच्याकडे पाहून मान डोलावली.

मी नोकरीवर परत जाणार होते. त्यावर घरात चर्चा झाली नाही. ती आईने परस्पर संपवून टाकली होती. आता जाळी भाऊ दाखवतो, रोज निराळी, आणि आईचे उत्तर मला कळवतो. बहुतेक दिवशी ती खरे सांगते.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. तिच्या हातातला फोन किणकिणला. तिने सवयीने डावा डोळा मिटला, मग उघडला, मान कलती करून पाहिले, आणि फोन माझ्याकडे दिला.

"काय लिखेल शे?"

भावाच्या दुकानाने सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवलेला निरोप होता. नवा फोन आला होता, आधीच्यापेक्षा दाट बिंदूंचा. खाली एका मोराच्या पिसाचा फोटो, त्यातला केस न् केस सुटा.

"दुकानाची जाहिरात," मी म्हटले.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि बोटे गळ्यातल्या पोतीवरून हळूहळू पुढे सरकवत बसून राहिली.